सूपभर कोंड्याची लेक

मी सुपात पडले आहे. खाली बांबूच्या कामट्या पाठीला टोचतायत, नाकात ज्वारीच्या कोंड्याचा कोरडा वास आहे, आणि वर आभाळ इतकं जवळ आलंय की हात लावावा. मग आभाळ एका बाजूला कलतं, भिंतीचा लाल दगड दिसतो, आणि पलीकडून दुसरे हात पुढं येतात. त्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. पुढचं काही दिसत नाही.

हे मला आठवतं असं मी म्हणते आणि म्हणताना मलाच हसू येतं. त्या दिवशी मी जेमतेम बारा दिवसांची होते. एवढ्याशा बाळाला काही आठवत नसतं हे मला कुणी शिकवायला नको. मी जन्मभर अंगणवाड्यांची सुपरवायझर म्हणून नोकरी केली, आणि लहान मुलांच्या डोक्यात कधी काय शिरतं यावर बाया गोळा करून भाषणं ठोकली. तरी ते आभाळ माझंच आहे. ऐकलेल्या गोष्टीवरून मी ते रंगवलं असेल, पण इतक्या वेळा रंगवलंय की आता खरवडून निघत नाही.

गोष्ट साधी आहे. हुमनाबादजवळ दुबलगुंडीत आमचं घर. माझ्या आधी आईला दोन मुलगे झाले आणि दोन्ही गेले, एक आठ महिन्यांचा, एक नवव्या दिवशी. आईला आम्ही अव्वा म्हणतो. घरात कन्नड आणि मराठी एकाच ताटात वाढलेली, त्यामुळे आई अव्वा आणि वडील अप्पा. तर मी जन्मले तेव्हा घरातल्या मोठ्या बायकांनी ठरवलं की हे लेकरू आपलं म्हणायचंच नाही. ते दुसऱ्याला देऊन टाकायचं. आमच्याकडे अशी रीत होती. ज्या बाईची सगळी लेकरं जगली आहेत तिच्या ओटीत बाळ सुपातून घालायचं, तिनं बदल्यात सूपभर कोंडा द्यायचा, आणि मग ते बाळ तिचं. दूध पाजायचं, वाढवायचं काम आई करणार, पण परक्याचं मूल सांभाळल्यासारखं. कौतुक करायचं नाही, 'माझी' म्हणायचं नाही, नवं कापड अंगावर घालायचं नाही. कोंड्याच्या भावात गेलेल्या लेकरावर कुणाची नजर पडत नाही, वरच्याचीसुद्धा, असा हिशोब. पाच वर्षं अशी काढायची. पाच वर्षांनी आईनं सूपभर कोंडा परत नेऊन द्यायचा आणि लेकरू मागून घ्यायचं.

मागच्या भिंतीपलीकडे पिंजाऱ्यांचं घर होतं. तिथल्या बाईला सात मुलं, सातही खडखडीत. ती माझी मालकीण झाली. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे.

खालाच्या घरातली दुपार मला अजून कधी कधी जागेपणी दिसते. तिचा नवरा गाद्या भरायचा. ओसरीवर बसून तो धनुकलीच्या तारेवर लाकडी ठोकळा मारायचा आणि कापूस पिंजायचा. तंय, तंय, असा तो आवाज. छपराच्या पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे उतरायचे आणि त्या उन्हात कापसाचे धागे तरंगत राहायचे. खाली यायची घाईच नसायची त्यांना. मी त्या ढिगात पडून वर बघायचे. अंगाखाली इतकं मऊ असायचं की आपण पडलोय की उडतोय कळायचं नाही. खालाची मुलं येताजाता माझ्या पोटात बोट खुपसायची. मध्येच खाला यायची, मला ढिगातून उचलायची, केसांतला कापूस वेचता वेचता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "मेरी बेटी हे ये! चांद का टुकडा हे! देती नई मैं किसीकू!"

तिला ती मुभा होती. तिनं कोंडा मोजून दिला होता.

मग तिन्हीसांजेला मला भिंतीवरून घरी पोचवलं जायचं, आणि घरात गेलं की सगळं गप्प. अव्वा वाईट वागायची असं अजिबात नाही. पोटभर जेवायला घालायची, डोक्याला तेल लावायची, ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायची. पण नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायची. कुणी पाहुणी आली आणि विचारलं, "ही तुमची का?" तर अव्वा पटकन म्हणायची, "न्हाई बाई, पिंजाऱ्याची हाय. आमच्याकडं ऱ्हातीय." म्हणताना तिचा हात माझ्या डोक्यावर असला तर तो उचलला जायचा. मोठी माणसं हसायची, कारण त्यांना रीत ठाऊक होती. मला नव्हती. मला ते सरळ सरळ खरं वाटायचं. मी इथं राहायला ठेवलेली मुलगी आहे, आणि नीट वागले तर इथंच ठेवतील, असं मी माझ्या मनाशी पक्कं केलं होतं.

रीत मला पुढं मोठी झाल्यावर कळली. पाच वर्षांनंतर मला परत घेतल्याचं मात्र आठवत नाही. झालं असेल. लहानपणीचं सगळंच कुठं लक्षात राहतं, असं मी धरून चालले होते.

आणि मी नीटच वागले. इतकी नीट की आता स्वतःचाच राग येतो. घरातल्या माठातलं पाणी मी विचारून प्यायचे. दुसरी भाकरी मागायचे नाही. खेळताना पडले, गुडघा फुटला तर भिंतीआड बसून रडून घ्यायचे आणि तोंड धुऊन घरात यायचे. लग्न होऊन कलबुर्गीला आले तर सासरची माणसं खूश. काय गुणाची सून, काही मागत नाही, कुठल्या वस्तूवर हक्क सांगत नाही. नवरा तेवढा चिडवायचा. मी खुर्चीच्या कडेवर बसते, पूर्ण टेकत नाही, हे त्याच्या पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं. "पाहुणीबाई, जरा टेका की," म्हणायचा. तीस वर्षं म्हणतोय. त्याच्या दृष्टीनं ती गंमत आहे, आणि मी हसते. पण एकदा स्वयंपाकघरात मी एकटीच उभ्यानं जेवत होते, तो आत आला आणि मी ताट घाईघाईनं मागं लपवलं. माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवण. त्या दिवशी त्यानं चिडवलं नाही आणि मला फार लाज वाटली.

ह्या सगळ्यावर मला सरकारनं नोकरी काय दिली, तर मुलांना माया कशी लावावी हे सांगायची. आमच्या खात्याची पोस्टरं असतात. त्यांवरची आई कायम हसत असते, मूल कायम गुटगुटीत असतं. त्या बाईला दुसरं काही काम नसावं. मी ते पोस्टर भिंतीला लावून गावोगाव सांगत फिरले की पहिल्या पाच वर्षांत मेंदू किती वाढतो, बाळाच्या डोळ्यांत बघून बोललं तर आत काय काय जुळतं, 'शाब्बास' म्हटलेलं मूल पुढं कसं उभं राहतं. शिकवताना माझा आवाज चांगला लागायचा. बाया माना डोलवायच्या.

एकदा मंठाळच्या अंगणवाडीत असंच चाललं होतं. वजनकाट्याला बाळ लटकत होतं, पलीकडं कुकरमध्ये डाळ शिजत होती. एक तरणी पोरगी, पहिलटकरीण, कडेवरचं मूल झुलवत मला म्हणाली, "बाई, तुमी तुमच्या लेकीला असंच करायचाव का? डोळ्यात बगून?" तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच शिकायचं होतं. मी म्हणाले, "तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं," आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. खोटं बोलले मी. माझी लेक झाली तेव्हा मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि सगळं माहीत होतं.

माहीत असणं आणि हातून होणं यांच्यामधला रस्ता मला कधी सापडला नाही. लेकीवर माझा जीव होता. तिच्याकडे बघितलं की पोटात खड्डा पडायचा, इतका जीव होता. तोच खड्डा मला भिववायचा. ती वर्गात पहिली आली तेव्हा तोंडून निघालं, "अक्षर सुधार." पहिल्यांदा साडी नेसून समोर उभी राहिली, अशी काही दिसत होती की मी दाराची चौकट धरली, आणि म्हणाले, "पदर नीट घे." तिला वेळेवर डबा दिला, तिच्या परीक्षांना शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिले, तिच्या तापात जागले. सगळं केलं, आणि 'माझी' म्हटलं नाही. अव्वाचं सगळं माझ्या अंगात उतरलं होतं, फक्त त्यामागची रीत तेवढी नव्हती. माझ्या लेकीआधी माझं काही गेलं नव्हतं. तिला कुणाच्या सुपात घातलं नव्हतं. तिला विनाकारणच परकं ठेवलं मी.

खाला गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, तरी मी गेले की माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून म्हणायची, "आगई मेरी बेटी." तिच्या मयतीला मी हंबरडा फोडून रडले, तशी पुढं सख्ख्या वडिलांच्या वेळीही रडले नाही. लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

आता ह्या वर्षीची गोष्ट. लेक बाळंतपणाला बेंगळुरूहून माझ्याकडे आली. मुलगी झाली. दवाखान्यात नर्सनं कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं माझ्या हातात दिलं, आणि मी काय विचारावं? "वजन किती भरलं?"

लेक खाटेवरून माझ्याकडे बघत होती. टाके दुखत होते तरी हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "आई," ती म्हणाली, "मी झाले तेव्हाही हेच विचारलं होतंस का?"

चार दिवसांनी घरी आल्यावर तिनंच विषय काढला. बाळाला पाजून झालं होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, शांत, आणि तिनं बोलायचं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. म्हणाली, "माझं जे झालं ते झालं. मी त्यावर रडून मोकळी झालेय. पण हिला मी तसं वाढू देणार नाही. पाळण्याला अज्जी येणार, तुझी अव्वा. ती आली की काहीबाही बोलणार, काळी म्हण, माकड म्हण. आणि तू ऐकून घेणार, नाहीतर तिच्यासारखंच करणार. तसं झालं तर मी हिला घेऊन दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला जाईन. परत इथं आणणार नाही. तुला जमणार असेल तर सांग."

ती भांडत असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलत होती, आणि जे बोलते ते करते हे मला ठाऊक आहे. तेवढी माझ्यावर गेलीय. पुढचे आठ दिवस मी चोरून सराव केला. खरंच केला. बाळाला मालिश करताना, दार लोटलेलं असताना, मी पुटपुटायचे, "माझी गं ती, माझी." एवढं म्हटलं की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. अंगणवाड्या सांभाळलेली बाई मी, लसीकरणाचे तक्ते तोंडपाठ, आणि एका शब्दानं बाळाचं काही होईल म्हणून घाबरायचे.

पाळण्याच्या आदल्या दिवशी सकाळी अव्वा दुबलगुंडीहून आली. माझा भाचा तिला गाडीतून सोडून बाजारात गेला. ऐंशीच्या घरात आहे ती आता, पाठ वाकली आहे, पण नजर तीच. बाळाची अंघोळ नुकतीच झाली होती. खोलीत ओव्याच्या धुरीचा वास भरला होता, खिडकीतून आलेलं ऊन त्या धुरात थांबून राहिलं होतं, आणि बाळ त्या धूसर उजेडात मुठी उघडत होतं, मिटत होतं. अव्वा दारात उभी राहिली. तिनं बाळाकडे पाहिलं न पाहिलं असं केलं आणि म्हणाली, "ह्ये माकडाचं पिल्लू कुठून उचलून आनलंव गं?"

लेकीनं माझ्याकडे पाहिलं.

"माकड न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज भांडायला उठल्यासारखा निघाला. "सोन्यासारखी हाय. माझी नात हाय. आणि ही," मी लेकीकडे बोट केलं, "ही माझी लेक हाय. हिच्याइतकी देखणी पोरगी मी उभ्या जन्मात बगितली न्हाई."

अव्वा धावलीच. ह्या वयात इतकी चटकन चालेल असं वाटलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "गप! कामून वरडायलीस? याड लागलं का तुला?" बाळाकडं, लेकीकडं, खिडकीकडं बघत होती, कुणी ऐकलं की काय म्हणून. मी तिचा हात तोंडावरून काढला.

"पाच वर्षांचं ठरलं व्हतं अव्वा," मी म्हणाले. "पाच. मी आता साठीला आले. अजून कामून अशी करायलीस? मला परत घेतलंस की न्हाई तू?"

अव्वा खाली बसली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"पाच वर्सं झाली तवा तुझी खाला म्हनली, आता घे गं तुझी लेक. कोंडा घिऊन मी भित्तीपसवर गेलते बी. पर हात पुडं व्हईना. म्हनलं, सात झाली की घिऊ. सातव्याला तुला गवर आली, अंगभर पुरळ. म्हनलं, बघ, घेतली असती तर? मग म्हनलं, शानी हू दे. मग लगीन हू दे. मग बाळंतीन हू दे, सुखरूप सुटू दे." तिनं पदराचा काठ सोडून दिला. "तसंच चालवलं बग. त्याच्यानंच तू जगलीस, असं वाटायचं. कसं मोडू मी? तू जित्ती हाईस न्हवं?"

लेक बाळाला छातीशी धरून रडत होती, आवाज न करता. मला रडू येत नव्हतं. मला सगळंच आता निराळं दिसत होतं. ही बाई गेली पन्नासच्या वर वर्षं माझं कौतुक गिळत आली होती. माझ्या पहिल्या पगाराला, माझ्या लग्नात, ही लेक झाली तेव्हा. दर वेळी जीभ चावून. मी तिची दातखीळ बघितली आणि तिच्या मनात मी नाहीच असं समजले.

"मग आता घे," मी म्हणाले.

"आता कसं?" अव्वा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती, नियम मोडल्याची. "खाला गेली की. आता तुला कुनाकडनं घिऊ?"

रीत सांगणारी सगळी माणसं संपली होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"माझ्याकडनं घे की," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर, कोपरं अंगाशी, बारा दिवसांचं बाळ घ्यायला करतात तसे. माझं डोकं तेवढं त्यात मावलं. तिनं ते मांडीवर ठेवून घेतलं. एकदा दाराकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग माझ्या कानाशी वाकून, फार हळू, ती म्हणाली, "लई ग्वाड व्हतीस गं तू."